जनरलचा रिकामा पिंजरा

१

जनरल नाहीसा झाला तो शुक्रवार होता आणि सकाळची मिस्सा व्हायची होती. या दोन्ही गोष्टी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे दोन्ही कामी आल्या.

मिस्सा होईपर्यंत मी तोंडातून शब्द काढत नाही. अकरा वर्षांचा नेम आहे. मांसाला शिवत नाही, तोही अकरा वर्षांचा. आणि संध्याकाळी सहा ते सात चॅपेलमध्ये जपमाळ. त्या तासात मी घरी नसते, हे बंदरावरच्या मांजरांनाही पाठ आहे.

तर त्या शुक्रवारी साडेसहाला मी मुकाट्याने परसातल्या कोबीवरच्या गोगलगायी वेचत होते. मारायच्या नाहीत, वेचून शेजारच्या पेरिनच्या भिंतीपलीकडे सोडायच्या. एकही सापडली नाही. तरी एका गड्ड्याची बाहेरची पाच पानं गेलेली होती, तीही देठापाशी सरळ. यंदाच्या गोगलगायी टापटिपीच्या दिसतात, असं मनात आलं. येताना फाटकही कुरकुरलं नव्हतं. तीन वर्षं कुरकुरत होतं ते. आमच्या किनाऱ्याला जपणाऱ्या सेंत आनचे आभार मानून मी क्रूसाची खूण केली.

तेवढ्यात बंदराच्या पायऱ्या चढून कॅप्टन फ्लोरिमाँ धावत आले. अंगात कातडी कोट, एका हातात गाजर, दुसऱ्या हातात रिकामा पिंजरा.

"मादाम, जनरलला पळवलं."

जनरल म्हणजे त्यांचा करडा ससा. कॅप्टन आजवर दोनदा समुद्रात, एकदा वाळवंटात आणि एकदा एका बिशपच्या फुलबागेत विमानासकट पडले होते. चारही वेळा ससा बरोबर होता आणि चारही वेळा दोघांना खरचटलंसुद्धा नव्हतं. आता ते पाण्यावरून उडणाऱ्या विमानातून पृथ्वीला फेरी घालायला निघाले होते, आणि त्यासाठी तीन आठवडे आमच्या खाडीत मुक्काम ठोकून होते.

"तुम्ही काही पाहिलंत?"

मी मान हलवली.

"कुणाची चाहूल?"

मी पुन्हा मान हलवली.

"बोलत नाही तुम्ही." त्यांनी मिशीचं टोक चावलं. "म्हणजे तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे."

मग मिस्सेची घंटा होईपर्यंत तेच बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी, शनिवारी साडेनऊला, महिन्यातली सर्वांत मोठी भरती होती. पेट्रोलच्या टाक्या भरलेलं विमान तेवढ्याच पाण्यातून उठू शकत होतं. ती हुकली की दोन आठवडे बसून राहायचं. आणि सोमवारी दक्षिणेच्या एका बंदरातून दुसरी तुकडी याच फेरीवर निघणार होती. म्हणजे शनिवार गेला की सगळंच गेलं.

"तरी जनरलशिवाय मी उडणार नाही," ते म्हणाले. "आणि ज्यानं हे केलं तो माझ्या विमानात पाऊल ठेवणार नाही. मग तो कुणी का असेना."

त्यांच्या विमानात त्यांच्याखेरीज दोनच माणसं. नकाशे आणि वजनं बघणारे लेफ्टनंट गास्पार, आणि इंजिन सांभाळणारा ग्वेनोले. ग्वेनोले माझ्या बहिणीचा मुलगा. ती गेल्यापासून माझाच. माझा नवरा मालो ज्या बोटीबरोबर आइसलंडच्या समुद्रातून परतला नाही, तिच्यावर ग्वेनोलेचा बापही होता.

तेव्हा "मी उडणार नाही" हे ऐकून माझ्या मनात जे आलं ते दुःख नव्हतं. देव मला क्षमा करो.

२

मिस्सा संपली आणि कॅप्टन पिंजरा घेऊन थेट फादर मेअल यांच्यासमोर उभे राहिले.

"फादर, गावातली प्रत्येक चूल तपासायची परवानगी द्या."

"चुलींवर माझी सत्ता नाही, कॅप्टन. असती तर उपासाच्या दिवसांत मीच वापरली असती." फादरनी माझ्याकडे बघितलं. "चौकशी सोआझिग करेल. तुम्ही विचारलं की माणसं उत्तर देत नाहीत, दचकतात."

"मला आवाज चढवता येत नाही, फादर," मी म्हटलं.

"म्हणूनच म्हणतोय."

कालची गोष्ट अशी होती. गुरुवारी दुपारी विमान लाकडी फळ्यांवरून पहिल्यांदा पाण्यात उतरवलं. तोवर त्याला नुसता सात नंबर होता. आता नाकावर 'सेंत आन' असं रंगवलं होतं. फादरनी पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. त्यांच्या जुन्या पुस्तकात विमानाची प्रार्थना नव्हती, म्हणून त्यांनी मासेमारी बोटीची वाचली. जाळी भरून येवोत, असंही त्यात होतं. कॅप्टन मोठ्यानं 'आमेन' म्हणाले. नंतर सफरचंदाच्या दारूचे पेले फिरले आणि चारनंतर कॅप्टन खानावळीत घोरत पडले.

विमान धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर नांगरलेलं होतं आणि तिथवर जायला एकच लहान होडी. संध्याकाळी ती तिघांनी वापरली: खानावळवाल्या पेरिननं, लेफ्टनंट गास्पारनी आणि ग्वेनोलेनं.

मी पिंजरा हातात घेऊन बघितला. कडी नीट लावलेली. पाण्याची वाटी पुसून पालथी घातलेली. आणि आतलं गवत सगळंच्या सगळं गेलेलं.

"गवत कशाला नेलं असेल?" मी विचारलं.

"पुरावा नष्ट करायला."

"ज्याला ससा शिजवायचा आहे त्याला त्याचं अंथरूण कशाला हवं, कॅप्टन?"

पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते नाक वर करून उभे होते. खानावळीकडून वारा येत होता आणि वाऱ्यावर कांदा, तमालपत्र आणि वाइनचा वास.

"रस्सा," कॅप्टन पुटपुटले, आणि धावत सुटले.

३

मी पोचले तेव्हा कॅप्टनच्या हातात पळी होती आणि पेरिनच्या हातात झाकण.

"ठेवा ती पळी खाली," पेरिन म्हणाली.

"यात जनरल आहे."

"यात वाम आहे. आज शुक्रवार. माझ्या चुलीवर शुक्रवारी मांस शिजलं तर ही सोआझिग माझ्यासाठी नऊ दिवस जप करेल, आणि रोज येऊन सांगेल की करतेय म्हणून."

हे तितकंसं खरं नव्हतं. मागच्या वेळी मी सात दिवसच केला होता.

कॅप्टननी एक तुकडा पळीत घेऊन उजेडात धरला. त्यातून बोटभर लांब काटा बाहेर आला.

"सशाला काटे असतात का, कॅप्टन?" मी हळूच विचारलं.

त्यांनी तुकडा परत सोडला. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा काढला आणि खाल्ला.

"काल तू विमानावर कधी गेलीस, पेरिन?"

"पाच वाजता. लोण्याचा केक द्यायला. ससा होता तेव्हा. नाक उडवत बघत होता माझ्याकडे, जसं काही मी कोण आहे ते त्याला कळलंय." तिनं भांड्यावर झाकण ठेवलं. "खरं सांगू? आज शनिवार असता तर मी शपथ घेतली नसती. पण शुक्रवारच्या तोंडावर कोण ससा आणतं घरात? ठेवायचा कुठे?"

कोपऱ्यातल्या टेबलाशी लेफ्टनंट गास्पार वही उघडून बसले होते. पॅरिसचा बारीक माणूस. वजन वाचावं म्हणून त्यांनी तिघांच्या दात घासायच्या ब्रशांचे दांडे अर्धे कापले होते.

"हाच," कॅप्टन म्हणाले. "पहिल्या दिवसापासून जनरलच्या विरुद्ध आहे हा."

"लेखी विरुद्ध आहे," लेफ्टनंट म्हणाले. "ससा तीन किलो दोनशे. एवढ्यात चार लिटर पेट्रोल येतं. चार लिटरमध्ये एखादं बेट गाठता येतं किंवा हुकतं."

"म्हणून काल होडी घेऊन गेलात?" मी विचारलं.

"केकचं वजन करायला गेलो होतो. साडेपाचला. ससा जागेवर होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. आमचं तेवढंच बोलणं आहे."

मी वही मागितली. आज सकाळचं पान होतं. शाई नुकती वाळलेली. केकपायी चीजचा एक तुकडा कमी केला होता. आणि खाली स्वच्छ अक्षरात: ससा, ३.२.

"कॅप्टन, ज्यांनी तुमच्या ब्रशाचा दांडा कापला, त्यांनी ससा उतरवला असता तर त्याच्या जागी चार लिटर पेट्रोल चढवलं नसतं का? यांच्या हिशेबी ससा सकाळपर्यंत विमानातच होता."

लेफ्टनंटनी मला बसल्या जागेवरून वाकून नमस्कार केला.

"मग उरला कोण?" कॅप्टननी विचारलं.

मी वही मिटली. उरला होता तो एकच. आणि तीन आठवडे रोज सकाळी तो माझ्या परसात येऊन म्हणायचा, "मावशी, सशासाठी दोन पानं दे ना."

४

ग्वेनोले धक्क्यावर मांडी घालून इंजिनाचा एक तुकडा फडक्याने पुसत होता. तेवीस वर्षांचा पोरगा, पण पुसताना जीभ बाहेर काढतो.

"मावशी, जेवलीस का?"

"शुक्रवारी दुपारपर्यंत जेवत नाही मी. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. विचारायला काय जातं."

मी त्याच्याशेजारी बसले. "काल किती वाजता गेला होतास विमानावर?"

"सहाला. होडीचं तेल बघायला."

"लहान होडीला तेल कुठे असतं?"

"लहान नाही गं. ती." त्यानं पाण्यावरच्या विमानाकडे हनुवटी केली. "कशी तरंगतेय बघ."

"परवापर्यंत तू तिला मशीन म्हणत होतास."

"परवापर्यंत ती फळ्यांवर होती."

"आणि जनरल?"

"तो लांबकान्या?" तो आणखी जोरात पुसायला लागला. "असेल जमिनीवर कुठेतरी. त्या जातीनं जमिनीवरच असावं. बरं असतं त्यांच्यासाठी."

"कॅप्टन म्हणतात, ससा मिळाला नाही तर..."

त्याचा हात एकदम धक्क्याच्या लोखंडी कड्यावर गेला आणि तिथेच घट्ट राहिला.

"मावशी," तो कुजबुजला, "पाण्याजवळ आहोत आपण."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो पुन्हा पुसायला लागला. तुकडा केव्हाच स्वच्छ झाला होता.

"ग्वेनोले, तुला जायचंय ना या फेरीवर?"

"हे काय विचारणं झालं? शाळेत नकाशावर बोट फिरवायचो तेव्हा तूच हात मारायचीस माझ्या बोटावर. कागद मळतो म्हणून."

"मग आज भीती कसली वाटतेय?"

"उडायची नाही वाटत," तो म्हणाला, आणि फडक्याची घडी घालायला लागला.

मी घरी आले. फाटक पुन्हा कुरकुरलं नाही. वाकून बिजागरीला बोट लावलं आणि हुंगलं. इंजिनाचं तेल. या पोराला कुरकुरणारी वस्तू सहनच होत नाही. लहानपणी माझ्या पाळण्यासारख्या डुलणाऱ्या खुर्चीलाही लोणी फासलं होतं त्यानं.

आत गेले. चुलीशेजारच्या खुंटीवर मालोच्या जाळ्यांच्या खोलीची किल्ली असते. अकरा वर्षं ती दात भिंतीकडे करून टांगलेली आहे, कारण अकरा वर्षं तिला कुणी हात लावलेला नाही.

आज दात माझ्याकडे होते.

५

दार आवाज न करता उघडलं. त्यालाही तेल मिळालं होतं.

आत अजून डांबराचा आणि मिठाचा वास होता. मालोची जाळी होती तशीच रचलेली. त्यांच्यावर गवताचं अंथरूण, वाटीत पाणी, आणि माझ्या कोबीची अडीच पानं. मधोमध जनरल बसला होता आणि मालोच्या जाळ्याचा दोर शांतपणे कुरतडत होता.

मी दाराला टेकून खाली बसले.

आमच्या किनाऱ्यावर 'ससा' हा शब्द बोटीवर उच्चारत नाहीत; चुकून कानावर पडला तर लोखंडाला हात लावतात. या प्राण्यानं फळ्यांमधला ताग कुरतडून भर समुद्रात बोट बुडवली, अशी जुनी गोष्ट सांगतात. मालो तर बोटीवर सामान चढलं की परत येईपर्यंत घरातही शब्द काढू देत नसे. बाजारात दिसला तर मी "तो लांबकान्या" म्हणायचे. ग्वेनोले ते ऐकतच मोठा झाला. तीन आठवडे त्याला सशाचं काहीच वाटलं नाही. पानं घातली, कान खाजवले, नाव घेतलं. सात नंबर म्हणजे मशीन होतं. मग गुरुवारी फादरनी ती प्रार्थना वाचली, आणि ग्वेनोलेच्या लेखी मशीनची बोट झाली. बोटीवर ससा.

दुसऱ्या कुणी तो पाण्यात टाकला असता. त्याच्यानं ते झालं नाही. तेव्हा त्यानं गावातलं एकमेव घर शोधलं जिथे ससा शनिवारीही जिवंत राहील, आणि त्या घरातली अशी खोली जी कधी उघडत नाही. जपमाळेच्या तासात आला, दारांना तेल घातलं, अंथरूण घातलं, गेला.

खरी परीक्षा मात्र आता होती. दार लावायचं, किल्ली अडकवायची. उद्या साडेनऊची भरती येऊन जाईल, आणि पोरगा घरी राहील. मला खोटंही बोलावं लागणार नाही. गप्प राहायची मला सवय आहे.

जनरलनं दोराचा तुकडा तोडला आणि माझ्याकडे बघत चावला.

मालोला मी त्या वर्षी थांब म्हटलं असतं तर तो थांबला नसता, हे मला ठाऊक आहे. पण किल्ली लपवून थांबवला असता, तर तो माझ्याकडे कसा बघत राहिला असता, तेही ठाऊक आहे.

दुपारची घंटा झाली. मी प्रार्थना म्हटली, सशाला कानाजवळून एक चापट दिली, आणि त्याला ओच्यात घालून फादरच्या घरी निघाले.

६

फादरच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. कॅप्टननी जनरलला उचलून दोन्ही गालांवर मुका घेतला. मग वळले.

"कोण?"

"आधी ऐकून घ्या," मी म्हटलं, आणि सांगितलं. गवताचं, तेलाचं, कोबीचं. "आज सकाळपासून सगळे जण ससा म्हणाले. एकानंच तो शब्द तोंडातून काढला नाही. आणि सगळे विमान म्हणाले, तोच एकटा होडी म्हणाला."

ग्वेनोले टोपी हातात फिरवत उभा होता. "कॅप्टन, माझा राग नाही त्याच्यावर. पण बोटीवर नाही चालत."

"ही बोट नाही."

"फादर म्हणाले बोट. तीन वेळा म्हणाले. मी मोजलं."

सगळ्यांनी फादरकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. "पुस्तकात दुसरी प्रार्थना नव्हती."

"मग परत घ्या ती."

"आशीर्वाद परत घेता येत नाही, कॅप्टन. लग्न झालेली माणसं येऊन विचारतात मला अधूनमधून."

"म्हणजे जनरल असेल तर हा येणार नाही."

"नाही, कॅप्टन," ग्वेनोले म्हणाला.

"आणि जनरल नसेल तर मी जाणार नाही."

"वजनाच्या दृष्टीनं," लेफ्टनंट म्हणाले, "मी तुम्हां तिघांशिवायही जाईन."

"कॅप्टन," मी म्हटलं, "जनरल बरोबर असताना तुम्ही किती वेळा पडलात?"

"चार वेळा. आणि चारही वेळा..."

"आणि तो बरोबर नसताना?"

कॅप्टननी बोटांवर काहीतरी मोजायला घेतलं आणि पहिल्याच बोटाशी थांबले. पेरिनला खोकला आला. फादर खिडकीबाहेर बघायला लागले.

"एकदाही नाही," कॅप्टन अखेर म्हणाले, आणि सशाला जरा लांब धरून त्याच्याकडे नव्यानं बघितलं.

"तो माझ्याकडे राहू दे. माझ्या घरात त्याला धोका नाही. फक्त गाजर तो तुमच्याच हातून खातो, असं ऐकलंय. तेव्हा परत यावं लागेल."

कॅप्टननी सशाच्या कानांवरून हात फिरवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "निदान त्याचं काहीतरी बरोबर हवं, मादाम."

मी ओच्यातून कोबीचा अर्धा कुरतडलेला देठ काढला. दातांच्या खुणा स्पष्ट होत्या. ग्वेनोलेनं जवळ येऊन तो निरखला.

"कोबी चालतो," तो म्हणाला.

लेफ्टनंटनी तो खिशातल्या वजनकाट्याला टांगला. "नव्वद ग्रॅम. मंजूर."

"राहता राहिली शिक्षा," कॅप्टन म्हणाले आणि ताठ झाले. "मी शब्द दिलाय. ज्यानं हे केलं तो माझ्या विमानात पाऊल ठेवणार नाही."

ग्वेनोलेची टोपी फिरायची थांबली.

"विमानात म्हणालात तुम्ही," मी म्हटलं. "बोटीबद्दल काही म्हणाला नव्हतात."

कॅप्टननी फादरकडे पाहिलं. फादरनी गंभीरपणे मान डोलावली.

शनिवारी साडेनऊला भरती आली. 'सेंत आन' खाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी फाडत गेली, आणि मला वाटलं आता नाही उठत, तेव्हा उठली. मी धक्क्यावर उभी राहून जपमाळ ओढली. माझ्या पायाशी जनरल पेरिनच्या बुटाची नाडी खात होता.

चार महिने वेगवेगळ्या बंदरांतून तारा येत राहिल्या. कॅप्टनच्या तारेत एकच ओळ असायची: जनरल जेवला का. मी रोजच्या नेमात एक वाढवला. मिस्सेहून आलं की सशाला एक पान, आणि पानामागे एक प्रार्थना. जाळ्यांची खोली आता उघडीच असते. दोर मात्र वर टांगलेत.

ऑक्टोबरात ते पूर्वेकडून आले, जिकडे गेले होते त्याच्या उलट बाजूनं, आणि कुठेही न पडता. कॅप्टन आधी होडीतून उतरले, गाजर हातात धरून. लेफ्टनंट उतरले, इतके बारीक झाले होते की चीज परत वाढवायला हवं होतं. ग्वेनोले शेवटी. त्याचा एक पाय होडीत होता आणि एक पायरीवर.

"मावशी," तो म्हणाला, "कसा आहे तो..."

मग थांबला. होडीतला पाय उचलून त्यानं दगडावर ठेवला. खाली बघून खात्री करून घेतली, की दोन्ही पाय जमिनीवर आहेत.

"ससा," तो म्हणाला.